षड्ज जपणारा आकडा

ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने नोव्हेंबर १९०२मध्ये कोलकात्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा तबकडीच्या वेगाला सर्वमान्य प्रमाण नव्हतं. मिनिटाला ७८ फेरे हे माप १९२५च्या सुमारास रुळलं. आज जुनी तबकडी आपण सरसकट ७८वर लावतो, म्हणून त्या काळच्या गायकांचा खरा षड्ज कोणता याचे तर्क अजून चालू आहेत.

गौहर जानचं निधन १९३०मध्ये म्हैसूरला झालं. तिचं चरित्र लिहिणारे बेंगळुरूचे विक्रम संपत यांनी पुढे बेंगळुरूतच ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ उभं केलं. जुन्या तबकड्या मिळवायच्या आणि त्यांचं डिजिटल रूप सर्वांना ऐकायला खुलं करायचं, हे या संग्रहाचं काम. अशा कामात सुईने टिपलेला आवाज साउंड कार्डात शिरतो, तिथे पुन्हा वेगाचाच प्रश्न उभा राहतो: सेकंदाला किती नमुने घ्यायचे? हाच सॅम्पल रेट.

माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, म्हणजे त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने हवेत. पण १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा आकडा नेमका ४४,१०० ठरला तो व्हिडिओ टेपमुळे. सुरुवातीचं डिजिटल मुद्रण व्हिडिओ टेपवर होई. सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात कामाच्या २४५ रेषा आणि रेषेत ३ नमुने, असा तो गुणाकार आहे. चित्रपट-दूरचित्रवाणीने ४८,००० धरला आणि १९९७नंतर बहुतेक संगणकांतही तोच आला. तेव्हापासून दोन्ही आकडे शेजारी नांदताहेत.

एरवी संगणक एकातून दुसऱ्यात रूपांतर परस्पर करून घेतो. पण फाईलवरची नोंदच चुकली, तर ४४,१००चं मुद्रण ४८,०००ने वाजतं. काळी एकमधला गायक तेव्हा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या, पेटीवर नसलेल्या जागी गाऊ लागतो. तीन मिनिटांची चीज १६५ सेकंदांत आटोपते. हे निदान कानाला खटकतं. रूपांतर कुठे आणि किती वेळा झालं, हे मात्र नोंदीशिवाय सहसा कळत नाही.

मुळात आकडा कोणता निवडावा, यासाठी ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस मोलाची आहे: किमान ४८,००० आणि नमुन्यामागे २४ बिट, शक्यतो ९६,०००. हा वरचा आकडा कानाच्या चैनीसाठी नाही. तबकडीची खरखर आणि टिचक्या जितक्या बारकाईने टिपल्या जातील, तितक्या त्या गाण्याला धक्का न लावता पुढे काढता येतात.

मिरज, पुणे, धारवाड, बेळगावच्या घरांतून खासगी मैफलींच्या कॅसेट आणि टेपा आज विरत चालल्या आहेत. घाईने त्यांचं एमपी३ करून मूळ टेप टाकून देणं म्हणजे आपल्याच हातांनी वारसा कापणं. साउंड कार्ड आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच आकडा लावावा, मूळ फाईल अस्पर्श ठेवावी, वाटायला वेगळी प्रत काढावी. टेपचा किंवा तबकडीचा वेग, यंत्र, सॅम्पल रेट, बिट आणि तारीख लिहून ठेवावी. अनुदान देणाऱ्या सरकारी खात्यांनी आणि न्यासांनी ही नोंद ऐच्छिक ठेवू नये. ती नसेल तर काम पुरं झालं असं मानूच नये.