हट्टी कुत्रा कोणी पाळावा?

आमच्या ग्वाल्हेरात हल्ली काही बंगल्यांतून सायबेरियन हस्की दिसू लागला आहे. मालकांची तक्रार एकच: कुत्रा ऐकत नाही, साखळी ओढतो, भुंकायचे सोडून लांब सूर लावतो. मी दरबारी गवयाचा मुलगा आणि गाण्याचा मास्तर. त्या सुराचे मला कौतुकच वाटते. तक्रारीचे मात्र नवल वाटते. ओढणे हाच ज्याचा पिढीजात धंदा, त्याने ओढू नये तर काय करावे?

सायबेरियातील चुकची लोकांनी ही जात बर्फावरची गाडी ओढण्यासाठी जोपासली. तेथे आघाडीचा कुत्रा हुकूम मोडून पातळ बर्फ टाळतो, तेव्हा माणसांचेही प्राण वाचतात. अलास्कातला टोगो लहानपणी इतका द्वाड, की लिओनार्ड सेप्पाला यांनी तो दुसऱ्यास देऊन टाकला. पठ्ठ्या खिडकीची काच फोडून परत आला! १९२५ साली नोम गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध आणणाऱ्या सेप्पालांच्या गाडीच्या अग्रभागी, गोठलेल्या समुद्रावर, हाच टोगो होता.

हट्टी शिष्यास धाक चालत नाही; रोजची तालीम लागते. ती देणाऱ्यास हा कुत्रा भरभरून परतफेड करतो. परंतु दुहेरी केसांच्या या जिवाला आमच्या ज्येष्ठातले ४५ अंशांचे ऊन कोणत्या तालमीने सोसावे? थंड मुलूख आणि धावायला मोकळी वाट ज्याच्यापाशी असेल, त्यानेच तो पाळावा. इतरांनी गल्लीतले गावठी पिल्लू घरी आणावे. हट्टाची हौस तेही पुरवील!