कॅमेऱ्याच्या आधी कालनिर्णय

डिसेंबर उजाडला की मला ठरावीक फोन यायला लागतात. "तू नेरूळला राहतोस ना? फ्लेमिंगो आले का? आणि हो, कुठली लेन्स घेऊ?" यंदा तिघांनी विचारलं. एक आतेभाऊ, एक ऑफिसातला जुना सहकारी आणि एक ब्लॉगर मित्र. तिघांचं बजेट वेगळं, पण प्रश्न एकच, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वर्षी लिंक पाठवली की काम झालं :)

तर मंडळी, लेन्स नंतर घ्या. आधी घरातलं कालनिर्णय भिंतीवरून खाली काढा.

चेष्टा नाही. फ्लेमिंगो (मराठीत रोहित, काहीजण अग्निपंख म्हणतात) हा खाडीच्या घड्याळावर चालणारा पक्षी आहे. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा हे हजारोंच्या थव्याने त्या चिखलात डोकं उलटं घालून शेवाळ गाळून खात असतात. किनाऱ्यावरून पाहिलं तर नुसता गुलाबी पट्टा. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो, मग ते उठतात आणि आतल्या उथळ पाणथळ जागांवर येऊन एका पायावर उभे राहतात. सीवूड्सचा डीपीएस तलाव, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागची पाणथळ, टी. एस. चाणक्यच्या बाजूची, या त्या जागा. म्हणजे नवी मुंबईत फ्लेमिंगो जवळून पाहायचा तर भरतीला जायचं.

इथेच लोकांचा घोटाळा होतो. फ्लेमिंगोंचे फोटो म्हटलं की वर्षानुवर्षं शिवडीच्या जेट्टीचं नाव घेतलं जायचं आणि नेटवरचा बराचसा सल्ला त्या काळातला, तिथला आहे. शिवडीला पाणी ओसरताना जायचं, इथे चढताना. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य थेट लेन्समध्ये. आपण खाडीच्या पूर्वेला, आपल्यासमोर पश्चिम, त्यामुळे सकाळचा सूर्य पाठीशी आणि उजेड पक्ष्यांच्या अंगावर. संध्याकाळी नेमकं उलटं. खाडी तीच, पक्षीही तेच, पण दोन्ही काठांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध. (शिवडीलाही आता आधीचं काही राहिलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू तिथूनच निघतो.)

आता कालनिर्णयाचं. कोळीवाड्यांत आणि कोकणात भरतीचा एक साधा हिशोब आहे. मला तो दिवाळे गावातल्या एका कोळी काकांनी माशांच्या बाजारात उभ्या उभ्या सांगितला होता: तिथीची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आसपास एक भरती आणि संध्याकाळी सहाच्या आसपास दुसरी. द्वादशीला नऊ. चतुर्थीला तीन. शुद्ध असो की वद्य, हिशोब एकच. पाऊण-एक तास इकडे तिकडे होतं, नेमकी वेळ हवी तर मोबाईलवर भरतीचं कोष्टक आहेच. पण महिन्याचं प्लॅनिंग करायला हा तोंडी हिशोब पुरतो, आणि तो करताना मला जो आनंद होतो तो ॲप देत नाही.

आता यात उजेडाचा हिशोब मिसळा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं, पक्षी भरपूर आत येतात. पण भरती येते भर दुपारी बाराच्या सुमारास. वरून ऊन, पक्ष्यांच्या पोटाखाली काळी सावली, आणि तापलेल्या हवेमुळे दूरचं सगळं लाटेसारखं हलत असतं. अशा वेळी कितीही महाग लेन्स लावा, फोटो मऊ येतो. लेन्स खराब नसते, मधली हवा खराब असते. अष्टमीला उजेड सुंदर, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा, पण तेव्हा भांगाची भरती. पाणी जेमतेम चढतं, बराचसा चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना उठायचं कारणच नसतं.

म्हणून मधले दिवस धरायचे. माझी पसंती द्वादशी आणि त्रयोदशीला. सकाळी साडेसात-आठपासून पाणी चढू लागतं, थवे एकेक करून आत यायला लागतात, ऊन अजून तिरकं असतं. संध्याकाळ हवी असेल तर तृतीया-चतुर्थी. दुपारी आलेले पक्षी पाणी उतरायला लागलं की चार-पाचला परत निघतात, तेव्हा उडतानाचे फोटो मिळतात. ते मात्र बहुतेक काळ्या आकृतीचे, कारण सूर्य समोर. मला ते आवडतात. आमच्या घरच्यांना आवडत नाहीत, "गुलाबी कुठंय?" म्हणतात.

गुलाबीवरून आठवलं. बहुतेकांच्या फोटोत फ्लेमिंगो पांढरे दिसतात आणि दोष कॅमेऱ्याला जातो. कॅमेरा बिचारा समोरच्या दृश्याची सरासरी काढतो. चौकटीत ऐंशी टक्के काळाभोर चिखल असेल तर त्याला वाटतं अंधार आहे, तो सगळंच उजळवतो आणि पक्ष्याचा फिकट गुलाबी रंग पांढऱ्यात जळून जातो. उपाय एका बटणाचा आहे. अधिक-उणे चिन्हाचं जे बटण असतं, त्यावर उणे दोन तृतीयांश करा. चकाकत्या पाण्यासमोर पक्षी काळा पडत असेल तर अधिककडे जा. मोबाईलवरही पक्ष्यावर बोट दाबून धरलं की उजेड कमी-जास्त करायची पट्टी येते. एवढं केलं तरी निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे खाली बसणं. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे चिखल येतो, उकिडवं बसून काढलेल्यात पाणी आणि आकाश येतं. गुडघे साथ देत असतील तोवर बसून घ्या.

टाळ्या वाजवून, खडे मारून थवा उडवणारे महाभागही तिथे भेटतात, "उडताना शॉट पाहिजे" म्हणून. पक्षी आत येतात ते विश्रांतीला. एप्रिल-मेमध्ये तर त्यांना गुजरातकडे परत जाण्यासाठी अंगात चरबी साठवायची असते. पाणी उतरलं की ते आपणहून उडणारच आहेत. पंचांग पाहिलेल्या माणसाला खडा मारावा लागत नाही.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने सापडेल. मला खरं बोलायचंय ते झूमबद्दल.

२०१५ मध्ये निकॉनचा पी९०० आला. ८३ पट झूम, आणि दीड-दोन लाखांच्या लेन्सशिवाय पक्ष्याच्या डोळ्यापर्यंत जाता यायला लागलं. तेव्हापासून आमच्या तलावाकाठी सगळ्यांचे फोटो एकसारखे व्हायला लागले: एक पक्षी, त्याची गडद लाल चोच (लहान फ्लेमिंगोची तशी असते, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी), निळं पाणी, मागे सगळं धूसर. छान असतात, माझ्याकडेही शेकड्याने आहेत. पण त्यातला कुठलाही एक उचला आणि सांगा, हा नेरूळचा की कच्छचा की आफ्रिकेतल्या एखाद्या तळ्याचा? नाही सांगता येत. झूमने पक्षी जवळ आणताना जागा कापून टाकलेली असते. मागचे वीस मजली टॉवर गेले, भराव गेला, बांधाखालचा पाइप गेला. राहिला फक्त एक सुंदर पक्षी, जणू तो कुठेही सुखात राहील.

आपली महापालिका या शहराला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवते. चौकात पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. (गंमत अशी की मूळची 'फ्लेमिंगो सिटी' कच्छच्या रणात आहे, जिथे हे पक्षी अंडी घालतात. डॉ. सालिम अली १९४५ मध्ये तिथे जाऊन आले होते. तिथे पुतळे नाहीत.) पण ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य, जे २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं, त्याच्या हद्दीत सीवूड्सचे हे तलाव नाहीत. पक्ष्यांचं ताट संरक्षित, अंथरूण नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात खाडीचं पाणी येणं बंद झालं आणि तलाव कोरडा पडला. काही फ्लेमिंगो मेले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरवर उतरायला आलेल्या विमानाला एक थवा धडकला आणि तीसहून जास्त पक्षी मेले. पक्षी त्या वाटेला का गेले यावर तेव्हा बरीच वादावादी झाली, आणि तलावांच्या अवस्थेकडे बोट दाखवणारेही होते. मी त्यातला तज्ज्ञ नाही. पण एवढं मला दिसत होतं की माझा तिथीचा हिशोब त्या उन्हाळ्यात चालेनासा झाला होता. द्वादशी होती, भरती होती, वेळही बरोबर होती आणि समोर भेगा पडलेली जमीन होती.

त्या दिवसांत तलाव पूर्वी कसा भरायचा हे दाखवायची वेळ आली, तेव्हा आमच्यासारख्या हौशी लोकांच्या हार्ड डिस्कमध्ये काय निघालं? चोची. हजारो चोची, शेकडो पंख. पाणी बांधाला कुठवर टेकायचं ते दाखवणारे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक कुणाच्या तरी बायको-मुलांचे, मागे चुकून तलाव आलेला.

२०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. ही ज्यांनी पत्रं लिहिली, निवेदनं दिली, उन्हात मानवी साखळ्या केल्या त्यांची कमाई. पण बाकीच्या जागा आहेतच, आणि कागदावर राखीव झालेल्या तलावात पाणी येतंय की नाही हे कुणीतरी पाहत राहावं लागतंच.

त्यामुळे "चांगला फोटो कसा काढू?" याला माझं हल्लीचं उत्तर असं: पन्नास फोटो चोचीचे काढा, खुशाल काढा, आणि मग झूम पूर्ण मागे घेऊन एक फोटो सगळ्याचा काढा. टॉवर, विजेच्या तारा, बांध, पाणी, कुंपण, पक्षी ठिपक्याएवढे. दर वेळी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. मी एक विजेचा खांब धरून ठेवलाय, त्याला पाठ टेकवून उभा राहतो. स्पर्धेत याला कुणी विचारणार नाही, फेसबुकवर चार लाइक पडतील. पण एका वर्षाचे असे बारा-पंधरा फोटो ओळीने लावून बघा. पाण्याची रेघ वर-खाली होताना दिसते, भराव सरकताना दिसतो. चोचीच्या कुठल्याच फोटोत हे दिसत नाही.

आणि हे करणार असाल तर कॅमेऱ्याचं घड्याळ लावून घ्या! आमच्या ओळखीत निम्म्या लोकांचे कॅमेरे बॅटरी काढल्यापासून एक जानेवारी बारा वाजता थांबलेले असतात. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, मोबाईलचा असेल तर जागाही आपोआप लिहिली जाते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की यातलं बरंचसं गळून पडतं, आणि पुढच्याच्या हातात पडतो तो कुठलाही, कधीचाही फोटो. मूळ फाइल जपून ठेवा. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी फाइलच्या नावात तारखेबरोबर तिथीही घालतो. मुलगी हसते, पण भरती किती होती ते नावावरूनच कळतं.

शेवटी नातेवाईकांसाठी. आपल्यापैकी बरेचजण नव्वदच्या दशकात वाशी-नेरूळला राहायला आले. तेव्हा घरात एखादा रोलचा कॅमेरा असायचा आणि ३६ फोटोंत अख्खं वर्ष बसवायचं असायचं. रविवारी खाडीकडे फिरायला गेल्यावर काढलेले फोटो तुमच्याकडे आहेत, मला माहीत आहे: नवी सायकल, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्रॉक, मावशी गॉगल लावून. त्यांच्या मागे काय आहे ते एकदा भिंगातून बघा. मिठागर आहे का, पाणी कुठवर आहे, खारफुटी किती दाट आहे. सापडले तर कडा न कापता स्कॅन करून पाठवा, आणि कोपऱ्यात ती नारिंगी आकड्यांतली तारीख असेल तर तीही येऊ द्या.