माल मोलाचा, तितकेच बारदानही मोलाचे

कापडाच्या धंद्यात गाठ बांधण्याला काय महत्त्व आहे, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. माल अव्वल असला, पण बारदान फाटके निघाले, तर बोरीला पोहोचेपर्यंत त्याची किंमत राहत नाही. औषधांच्या दुनियेत आज हाच प्रश्न उभा आहे. जीन म्हणजे शरीरातील पेशीला काम सांगणारा लेखी हुकूम. हा हुकूम बाहेरून पेशीत पोहोचवून रोगावर इलाज करण्याची हिकमत आता साधली आहे. तथापि नुसता हुकूम टोचला, तर वाटेतच त्याचा नाश होतो. त्याला बारदान लागते. त्याबाबत ग्राहक म्हणून आम्ही तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, बारदान कसले? एक प्रकार विषाणूचा. 2021 साली आपल्यापैकी पुष्कळांनी घेतलेल्या पुण्याच्या कोव्हिशील्ड लसीत निरुपद्रवी केलेला विषाणूच हमालाचे काम करीत होता. पण शरीर या हमालाला ओळखू लागते आणि पुढच्या खेपेला अडवते. दुसरा प्रकार स्निग्ध पदार्थांच्या कणांचा. एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे 10,000 कण ओळीने बसतील. पेशीचे आवरणही स्निग्धच असल्याने पेशी हा कण आत ओढून घेते. आतल्या आंबट वातावरणात कण फुटतो आणि हुकूम मोकळा होतो. यात चार प्रकारचे स्निग्ध पदार्थ असतात, त्यांपैकी एक कोलेस्टेरॉल. ही चरबी कोणत्या जनावराची, अशी शंका आमच्या बिरादरीत घेतली गेली. शंका घेणे गैर नाही, पण चौकशी न करता माल नाकारणे हा व्यापार नव्हे. फायझर व मॉडर्ना या कंपन्यांच्या प्रवक्त्यांनी डिसेंबर 2020 मध्येच सांगितले होते की, त्यांच्या लसीत डुकरापासून काढलेला कोणताही पदार्थ नाही.

दुसरी गोष्ट, बारदान प्रवास सोसेल काय? फायझरची लस आरंभी उणे 70 अंशांवर ठेवावी लागे. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा 42 च्या वर जातो, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. असा माल बोरीत उतरणार कसा? पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने यावर तोड काढली. तिची एमआरएनए लस विषाणूविना, स्निग्ध कणांच्याच आधारे पेशीत जाते आणि सुकवलेल्या भुकटीच्या रूपात 2 ते 8 अंशांवर, म्हणजे साध्या फ्रीजमध्ये टिकते. जून 2022 मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. तोवर बहुतेकांनी दुसऱ्या लसी घेतल्या होत्या. माल चांगला, पण हंगाम निघून गेलेला! तरीही ही कारागिरी वाया गेली असे आम्ही मानत नाही. पुढच्या औषधांना तीच उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट दराची. 2021 साली मुंबईच्या एका बालिकेला 16 कोटी रुपयांचे इंजेक्शन द्यावे लागले, त्यासाठी लोकांनी वर्गणी काढली. ते विषाणूच्या बारदानातले होते. 2025 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एका अर्भकाच्या यकृतातील दोष दुरुस्त करणारे औषध स्निग्ध कणांतून दिले गेले, तेही तीन वेळा. हे औषधही स्वस्त नाही आणि असे बहुतेक कण अजून यकृतातच उतरतात, इतर अवयवांचा पत्ता त्यांना नीट सापडत नाही. परंतु करोनाच्या काळात याच कणांच्या लसी कोट्यवधींच्या संख्येने तयार झाल्या. माल मोठ्या प्रमाणावर निघाला की दर उतरतो, हे आम्हां व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको.

सबब आमचे म्हणणे असे की, हा विषय केवळ मोठ्या शहरांतील डॉक्टरांचा नाही. सरकार अशा संशोधनाला पैसा देते, तो आमच्या कराचाही आहे. तेव्हा साध्या फ्रीजमध्ये टिकेल आणि तालुक्याच्या दवाखान्याला परवडेल, अशाच औषधांना आधी मदत मिळावी, ही मागणी आमच्या व्यापारी संघटनांनी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी करावी. तसेच फार्मसी शिकणाऱ्या आमच्या मुलांनी गोळ्यांच्या दुकानापुरताच विचार न करता बारदानाचा हा हुन्नरही शिकावा. ग्राहक गप्प राहिला, तर माल शहरातच खपतो.