चाळीस मेंढ्या, कोकरे किती?



गेल्या आठवड्यात माण तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. निरोप आला होता, तो असा : "सायबांना म्हणावं, जुळ्याचा मेंढा आणायचा हाय, एकदा येऊन जा." वस्तीवरचे म्हातारे आबा, मुलगा, सून आणि दोन नाती असे घर. ४० मेंढ्या. थोरल्या नातीला बारावीनंतर नर्सिंगला घालायचे सगळ्यांच्या मनात आहे आणि त्या खर्चाचा सगळा भार मेंढरांवर. ८ मेंढ्या विकायच्या, त्या पैशांत जुळी देणाऱ्या जातीचा मेंढा आणायचा आणि पुढच्या साली कोकरे दुप्पट करायची, असा आबांचा बेत होता.

मी विचारले, "आबा, गेल्या साली कोकरे किती झाली?"

"झाली की. तीस-पस्तीस."

"आणि विकण्याजोगी वाढली किती?"

यावर आबा गप्प झाले. सूनबाई मात्र उठल्या आणि घरातून भिंतीवरचे कॅलेंडर घेऊन आल्या. कोणती मेंढी कोणत्या तारखेला व्याली ते त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते. मेलेल्या कोकरापुढे फुली. आम्ही अंगणात बसून बेरीज केली. ४० पैकी व्याल्या ३१. एकीला जुळे, म्हणून कोकरे ३२. त्यातली ७ गेली. राहिली २५. आबांना प्रत्येक मेंढी तिच्या आईसकट ओळखता येते, पण ज्या ९ मेंढ्या व्याल्याच नाहीत त्यांचा आकडा त्यांच्या ध्यानात नव्हता. व्यालेली मेंढी डोळ्यांत भरते. रिकामी राहिलेली कळपात मिसळून जाते.

आता जुळ्याच्या मेंढ्याविषयी. हा गुण खरा आहे, त्यात फसवणूक नाही. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची लहान चणीची मेंढी आहे, ती जुळी-तिळी देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिचा हा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि त्यातून 'नारी सुवर्णा' हा वाण तयार झाला. हा गुण कोणत्या जनुकात आहे ते २००१ साली नक्की कळले आणि आता रक्ताच्या तपासणीवरून तो जनावरात आहे की नाही हे सांगता येते. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. या गुणाची मेंढी १०० वेतांना सरासरी दीडशेच्या आसपास देते.

पण एक गोष्ट बाजारात कोणी सांगत नाही. जुळे होणे हे मेंढीच्या अंडाशयावर ठरते, मेंढ्यावर नाही. तुम्ही असा मेंढा आणून तुमच्या आजच्या मेंढ्यांवर सोडलात, तर त्यांना जुळी होणार नाहीत. त्या मेंढ्याच्या लेकी मोठ्या होऊन वितील तेव्हा फरक दिसेल. म्हणजे दोन वर्षे गेली. त्यातही मेंढ्याला हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच मिळालेला असेल, तर निम्म्याच लेकींत उतरतो. म्हणून तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय नुसत्या 'जुळ्यातला आहे' या शब्दावर पैसे मोजू नका.

आबा जरा हिरमुसले. मी म्हटले, "आबा, जुळी आणून करायचे काय? एकेकट्या कोकराला दूध पुरले नाही म्हणून तुमची पहिल्या आठवड्यातच ५ गेली. दोन-दोन झाली तर?"

सात मेलेल्यांपैकी ५ व्याल्यापासून आठ दिवसांच्या आत, एक आंत्रविषाराने आणि एक लांडग्याने. लांडग्याचे राहू द्या. रिकाम्या ९ आणि पहिल्या आठवड्यातली ५, ही १४ कोकरे कोठे गेली ते शोधू. त्यातली निम्मी वाचली तरी याच साली ७ कोकरे वाढतात आणि एकही मेंढी विकावी लागत नाही.

रिकाम्या ९ चे उत्तर मेंढा पाहिल्यावरच मिळाले. ४० मेंढ्यांना एकच मेंढा, तोही घरच्याच कळपात जन्मलेला, कळपातल्या कितीतरी मेंढ्या त्याच्याच लेकी. पुढच्या पायाला खुरी झालेली. एका पूर्ण वाढलेल्या मेंढ्यामागे २५ ते ३० मेंढ्या पुरे. तरण्या मेंढ्याला याहून कमी. लंगडा मेंढा मेंढीवर चढत नाही, नुसता मागे फिरतो आणि आपल्याला वाटते काम चालू आहे. मेंढ्याचे बीज तयार व्हायला सुमारे ७ आठवडे लागतात. मृगात लागणारे बीज त्याच्या अंगात आजच तयार होत असते. या वैशाखाच्या उन्हात त्याला ताप आला किंवा दुपारभर उन्हात उभा राहिला, तर त्याचा परिणाम आषाढात दिसतो आणि आपण दोष मेंढीला देतो. मेंढ्याला दुपारी झाडाखाली किंवा छपरात बांधा, पाणी पोटभर द्या, मूठ-दोन मूठ धान्य सुरू करा. दोन्ही अंड हाताने चाचपून पाहा. सारखे आणि घट्ट असावेत. दर दोन वर्षांनी मेंढा बदला, लांबच्या कळपातला आणा.

मग मेंढ्यांकडे वळलो. पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्यावर हात ठेवून दाबायचे. हाडांची टोके बोटांना टोचली तर मेंढी खंगली आहे. लोकरीवरून हे कळत नाही. ४० पैकी २२ टोचल्या. अशी मेंढी एक तर माजावर येत नाही, आणि आली तरी फळायची खात्री नाही. तिला मेंढा सोडण्याआधी ३ आठवडे रोज पाव किलोपर्यंत बाजरी किंवा मक्याचा भरडा द्यावा. पहिल्या दिवशी ५० ग्रॅम, मग हळूहळू वाढवत. एकदम पाव किलो घातलात तर पोट फुगून मेंढी हातची जाईल. मेंढा सोडल्यावरही आठ-दहा दिवस हा भरडा चालू ठेवावा. चांगल्या अंगाच्या मेंढीला याची गरज नाही, तिच्यावर धान्य घालू नका. २२ मेंढ्यांना ३० दिवसांचे झाले १६५ किलो. सूनबाईंनी लगेच हिशोब केला, "म्हंजे एका वाढल्या कोकराच्या पैशात येतंय की!" बहुतेक बाजारांत येते.

मृगाच्या दुसऱ्या आठवड्यात मेंढे सोडायचे, तर रोहिणीच्या सुरुवातीलाच भरडा हवा. तोवर मेंढे कळपापासून लांब, वारा लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावेत. महिनाभर दूर राहिलेला मेंढा एकदम समोर आला की बऱ्याच मेंढ्या बरोबरीने माजावर येतात.

मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावायचा, दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. ज्या मेंढीच्या पाठीवर तांबडे उठले ती लागली. तिची तारीख लिहायची. मेंढीचा माज १७ दिवसांनी परततो. म्हणून १७ दिवस झाले की गेरू बदलून निळीचा रंग लावायचा. तांबड्यावर निळे उठले की ती पहिल्यांदा फळली नाही. असे बरेच दिसले तर मेंढ्यात खोट आहे, तो तिथल्या तिथे बदला. पाच महिने वाट पाहून कळण्यापेक्षा हे तीन आठवड्यांत कळते. शेवटपर्यंत रंगच न उठलेली आणि दोन साल ओळीने रिकामी गेलेली मेंढी विकावी. आबा म्हणाले, "बसायला तर व्हती ना, लेंडी तर देती." खरे आहे, शेतात मेंढरे बसवण्याचे पैसे डोक्यांवर मिळतात. पण ती एका गाभण मेंढीचा चारा खाते, आणि लोकर कातरायची मजुरी हल्ली लोकरीच्या पैशांतून निघत नाही. तिचे दात आणि कास पाहिली, तर दोघी म्हाताऱ्या निघाल्या आणि एकीच्या कासेत दगडी झालेली. तिघींना आबांनी आपणहून बाजूला काढले.

मृगात लागलेल्या मेंढ्या कार्तिकात वितात. कोकराची बहुतेक वाढ आईच्या पोटात शेवटच्या दीड महिन्यात होते, तेव्हा तिला पुन्हा भरडा आणि शेवरी-सुबाभळीचा पाला द्यावा. पहिल्या आठवड्यातली मर इथेच थांबते, कारण खंगलेल्या आईला चीकच येत नाही. व्यायच्या ३-४ आठवडे आधी आंत्रविषाराची लस टोचली, तर तिची ताकद चिकातून कोकराला मिळते. कोकरू पडले की नाळेला आयोडीन लावावे आणि तासाभरात सड तोंडात द्यावा. आईला चीक नसेल तर दुसऱ्या व्यालेल्या मेंढीचा पाजावा. अंगावर सांडून राहिलेल्या चिकाचा कोकराला काही उपयोग नाही. पहिल्या दिवशी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका पोटात गेला पाहिजे. दिवाळीनंतर वाडा घेऊन खाली उतरणाऱ्या कुटुंबांची यात अडचण होते, हे मी जाणतो. भरलेल्या मेंढ्या वाटेत वितात. शक्य असेल त्यांनी अगदी जवळ आलेल्या मेंढ्या घरच्या एका माणसाजवळ पंधरा दिवस मागे ठेवाव्यात.

निघताना आबांनी विचारलेच, "मग जुळ्याचं काय?"

मी म्हटले, "पहिल्या आठवड्यातली मर एक-दोनवर आली की मी स्वतः तुमच्याबरोबर फलटणला येतो."

परवा कामानिमित्त त्याच रस्त्याने गेलो. ८ मेंढ्यांऐवजी तिघीच बाजारात गेल्या होत्या. त्या पैशांत शेजारच्या तालुक्यातल्या कळपातून एक तरणा मेंढा आला आहे, आणि उरलेल्यात मक्याचे पोते. खुरीवाल्याचा पाय सूनबाई रोज धुतात. नातीने जुन्या वहीत ३७ रेघा आखून प्रत्येकीपुढे तांबड्या आणि निळ्या रंगाची घरे काढून ठेवली आहेत. घरे अजून कोरी आहेत.

पुढील आठवड्यात पावसाळ्याआधीच्या लसी आणि जंतांचे औषध यांविषयी लिहीन.