विहिरीतले नायट्रेट आणि खतांचे राजकारण

परभणी जिल्ह्यातील काळी, भारी जमीन हेच येथील शेतकऱ्याचे खरे भांडवल. पूर्णा प्रकल्पाने व जायकवाडीच्या डाव्या कालव्याने तिला पाणी दिले. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने नवी वाणे दिली. उत्पादन वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर पोत्यामागून पोती रासायनिक खत शेतात पडले. पिकाने न उचललेले खत जाते कोठे, हा प्रश्न मात्र राज्यकर्त्यांनी टाळला.

त्याचे उत्तर विहिरीत सापडते. युरियातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होते. मातीचे कण ते धरून ठेवीत नाहीत. पाण्याबरोबर ते खाली झिरपते. स्फुरद मातीला चिकटून राहते, पण पावसात वाहून जाणाऱ्या मातीबरोबर ओढ्यानाल्यांत, दुधनेत आणि अखेर गोदावरीत पोचते. अशा पाण्यावर शेवाळ व जलपर्णी माजतात; त्या कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील सुमारे ३५ टक्के नमुने ही मर्यादा ओलांडतात. अधिक बाधित जिल्ह्यांत परभणीला लागून असलेले नांदेड व बीड आहेत. सांडपाणी व उकिरडे यांचाही त्यात वाटा आहे. असे पाणी तान्ह्या मुलाच्या पोटात गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. ऐपतदार शुद्ध पाण्याचे जार विकत घेतो. शेतमजुराच्या लेकराच्या वाट्याला हातपंपच येतो. प्रदूषणही असे वर्ग पाहून गाठते.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे, पण अन्यायाचे आहे. १९९२ साली स्फुरद व पालाश खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया मात्र नियंत्रणात राहिला. २०१० च्या पोषणद्रव्याधारित अनुदानातूनही युरिया वगळला गेला. परिणामी ४५ किलोचे युरियाचे पोते पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, तर ५० किलो डीएपीला साडेतेराशे रुपये मोजावे लागतात. कर्जात बुडालेला कोरडवाहू शेतकरी काय उचलणार? आणि अनुदान, ते ‘थेट लाभ’ म्हणून मिरवले तरी, जमा होते कंपन्यांच्याच खात्यात.

म्हणून खतावर बंदी घाला, असे म्हणणेही आततायीपणाचे ठरेल. श्रीलंकेने २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खते बंद केली. उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच माघार घ्यावी लागली. त्याची किंमत गरिबांनीच मोजली.

मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक गावातील पिण्याच्या पाण्याची नायट्रेट तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, व्हावी आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. दूषित उद्भवाऐवजी शासनाने शुद्ध पाणी मोफत पुरवावे. अनुदानाची रचना संतुलित खतमात्रेला अनुकूल करावी व शेणखत, कंपोस्ट, जिवाणू खते यांनाही त्यात स्थान द्यावे. सोयाबीन आपल्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठवते. त्यावर युरिया ओतणे हा निव्वळ अपव्यय आहे, हे कृषी खात्याने बांधावर जाऊन सांगावे.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत नेला पाहिजे. हमीभावाचा लढा आणि स्वच्छ पाण्याचा लढा वेगळे नाहीत. ज्या जमिनीने पिढ्या पोसल्या, तिच्याच विहिरीने लेकरे आजारी पडावीत, ही व्यवस्था बदलल्यावाचून गत्यंतर नाही.