संगणक सांगतो ते वाचणार कोण?

संगणक अडला म्हणजे कचेरीत दोन उपाय होतात. एक, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले जाते. दुसरा, ज्याला ‘त्यातले कळते’ अशा कुणाला तरी बोलावून आणले जाते. या उपायांनी पुष्कळदा काम भागते, हेच दुर्दैव आहे. कारण यंत्र चालू झाले की ते का अडले होते हा प्रश्न तेथेच मिटतो. आणि पुढे कधीतरी, बहुधा पगारपत्रके काढण्याच्या किंवा निकाल लावण्याच्या आदल्या दिवशी, तेच यंत्र त्याच ठिकाणी पुन्हा अडते.

लेखनिकाच्या पडद्यावर चित्रे आणि खिडक्या असतात, पण त्या पडद्यामागे जो सर्व्हर राबत असतो त्याची देखभाल आजही बहुतांशी टर्मिनलवर आज्ञा टंकूनच होते. ही पद्धत ज्या युनिक्स प्रणालीने रूढ केली ती 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्माला आली. त्या काळी आज्ञा टेलिटाइपवर टंकावी लागे आणि उत्तर कागदावर उमटे. साहजिकच आज्ञांची नावे दोन-तीन अक्षरांची झाली, आणि एक शिरस्ता पडला: काम बिनबोभाट पार पडले तर यंत्राने काही बोलायचे नाही. फाइल पुसण्याची ‘आरएम’ ही आज्ञा अजूनही तशीच आहे. ती सहसा ‘खरेच पुसू का?’ असे विचारीत नाही आणि ‘पुसले’ असे कळवीतही नाही. इतका मितभाषी नोकर जेव्हा तोंड उघडतो तेव्हा त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे कोणत्याही शहाण्या मालकाला समजावे. प्रत्यक्षात पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली रे उमटली की ती पुसून टाकण्याची घाई होते.

अगदी नित्याचे उदाहरण डिस्क भरल्याचे आहे. यंत्र सांगते की जागा उरलेली नाही. ‘डीएफ’ या आज्ञेने पाहिले तर डिस्क शंभर टक्के भरलेली दिसते. मग एखादी भलीमोठी लॉग फाइल, म्हणजे यंत्राच्या कामकाजाची रोजनिशी, शोधून ती पुसली जाते. तरीही डिस्क भरलेलीच! आता ‘डीयू’ या आज्ञेने फायलींची बेरीज केली तर ती डिस्कच्या निम्मीही भरत नाही. येथे माणूस गोंधळतो आणि दिसेल ते पुसू लागतो. पुढच्या अनर्थाचे मूळ पुष्कळदा येथेच असते. वास्तविक यात गूढ काही नाही. युनिक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे निर्देशिकेतून तिचे नाव काढणे. एखादा चालू प्रोग्राम त्या फाइलीत लिहीत बसला असेल तर नाव गेले तरी जागा त्याच्याच ताब्यात राहते. हजेरीपटावरून नाव कमी केले, पण विद्यार्थी बाकावर बसूनच आहे, असा हा प्रकार. तो प्रोग्राम कोणता हे ‘एलएसओएफ’ ही आज्ञा सांगते. तो नीट थांबवून पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते. कधी उलटेही घडते. जागा भरपूर असते, पण बारीकसारीक फायली इतक्या साठतात की फायलींच्या नोंदीची कोष्टकेच संपतात. तक्रारीचे शब्द दोन्ही वेळी तेच, कारण निराळे. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

परंतु औषध शोधण्यापूर्वी निदान करावे, ही सवय आपल्याकडे लागलेली नाही. परवानगी नाकारल्याचा संदेश आला की ‘सीएचमॉड’ आज्ञेपुढे 777 हा आकडा टंकायचा, हा असाच एक गावठी काढा आहे. त्याने दार उघडते, कारण त्या यंत्रावरील प्रत्येक खातेदारास वाचण्याची, लिहिण्याची आणि चालविण्याची मुभा मिळते. गुणपत्रिकांच्या कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून कपाटाचे दारच काढून ठेवणाऱ्या लेखनिकास कोणी हुशार म्हणणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र त्याची वाहवा होते.

हा दोष अडाण्यांचाच आहे असे कोणी समजू नये. प्रोग्रामरांचे लेखन साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी रात्री उशिरा जे घडले ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मुख्य डेटाबेसची दुय्यम प्रत मागे पडली होती. ती नव्याने जुळवू पाहणारा प्रोग्राम काहीच न बोलता थांबून राहिला. वस्तुतः तो मुख्य यंत्राची वाट पाहत होता. पण तसे सांगत नव्हता. मौन म्हणजे यश, हा जुना शिरस्ता येथे घातक ठरला. दुय्यम यंत्रावरील निर्देशिका रिकामी नसावी अशा समजुतीने एका अभियंत्याने ती पुसली. आणि आज्ञा चालली ती मुख्य यंत्रावर. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानी आली, तोवर सुमारे 300 जीबींपैकी 4.5 जीबी मजकूर उरला होता.

खरी गोष्ट पुढेच आहे. बॅकअपची योजना कागदावर होती, पण बॅकअपच्या कोठीत काही नव्हते. बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून तो प्रत्येक वेळी अपयशी होत होता. तसे कळविणारे ईमेलही निघत होते; पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने टपालव्यवस्था ती दारातूनच परत पाठवीत होती. यंत्र सांगत होते, आणि ऐकणारा कान बंद होता. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत योगायोगाने सापडली, म्हणून कंपनी वाचली. ती संथ डिस्कवर असल्याने नुसती उतरवून घेण्यास सुमारे 18 तास लागले. मधल्या सहा तासांतले सुमारे पाच हजार प्रकल्प आणि सातशे नव्या सदस्यांची नोंद गेली ती गेलीच.

कंपनीने ही हकिगत तपशीलवार प्रसिद्ध केली आणि अभियंत्याचे नाव त्यात घातले नाही. हा नुसता मनाचा मोठेपणा नव्हे. त्यानंतर चारच आठवड्यांनी, 28 फेब्रुवारी 2017 रोजी, ॲमेझॉनच्या साठवण सेवेत ठरलेल्या पद्धतीनुसार दिलेल्या एका आज्ञेतील एक तपशील चुकला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर बंद पडले. (सेवा बंद आहे हे सांगणारा फलकही त्याच सेवेवर विसंबून असल्याने तोही बदलता येईना!) ॲमेझॉनने मग ते साधनच बदलले, किमान मर्यादेखाली सर्व्हर काढू पाहिल्यास ते आता अडवते. चुकणारा माणूस उद्याही चुकणार, हे गृहीत धरूनच साधन घडवावे लागते.

आपल्या शाळा-कचेऱ्यांत याच्या नेमके उलट चालते. संगणक सांभाळणारा शिक्षक स्वतःचे तास संपवून ते काम पाहतो. काय बिघडले आणि कशाने सुधारले याची नोंद राहत नाही, आणि त्याची बदली झाली की सारे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. विद्यार्थीही आज्ञांची यादी पाठ करतो. ‘आरएम’ म्हणजे काय, हे एका गुणासाठी लिहितो. त्याऐवजी प्रात्यक्षिकाच्या वेळी त्याच्यापुढे डिस्क भरलेला एक आजारी संगणक ठेवावा. त्याने आधी संदेश जसाच्या तसा उतरवावा, त्याचा अर्थ मराठीत सांगावा, पुसण्यापूर्वी काय पुसले जाणार याची यादी करावी, आणि मगच हात घालावा. बॅकअपचेही तसेच. तो घेतला जातो की नाही एवढेच विचारून भागत नाही. दर सत्रात एकदा तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून दहा विद्यार्थ्यांचे गुण लेखनिकाने कागदी नोंदीशी ताडून पाहावेत. याला नवा निधी लागत नाही. या कामापुरता एक जुना संगणक पुष्कळ महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोलीत पडून असतो.