घरसंसार : फुटकं नशीब



नवऱ्याची नोकरी सुटली, मुलगा गणितात नापास झाला, की घरात पहिला शब्द निघतो, "आमचं नशीबच फुटकं!" दीक्षा घेतलेल्या घरात हा शब्द यावाच कसा? धम्मात नशीब नाही, कारण आहे. फंड अडला असेल तर कागद घेऊन युनियनकडे जावे लागते. कपाळ बडवून तो सुटत नाही.

रडूच नये असे नाही. १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्यावर बाबासाहेबही झाडाखाली बसून रडले. पण १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते.

किसा गोतमीचे लेकरू गेले. जिथे कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. मोहरी मिळाली नाही, पण दारोदार तिने इतरांचे दुःख ऐकले. कोंडून घेतले असते तर? म्हणून आजारी शेजारणीकडे आज अर्धा तास बसा. तिचे ऐका, आपले रडगाणे नको. तिची मुलगी कॉलेजात जात असेल तर मुलाच्या गणिताचेही तिथेच विचारून घ्या.